शेवटच्या रांगेतल्या आई

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि समोरची सोसायटी नव्हती. पाण्याची टाकी नव्हती, औषधांच्या दुकानाची हिरवी पाटी नव्हती, मेट्रोचा पूल नव्हता. धुकं आलं होतं. दिल्लीत थंडी दिवाळीपासून येऊ-येऊ म्हणत असते, पण तिचा मुक्काम पक्का झाला हे धुकं आल्यावरच कळतं. माझ्या मागून आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, अंगात दोन स्वेटर, वर शाल आणि कानाला मफलर. त्यांनी कठड्यावर हात ठेवला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाल्या, "आज तं वाचाले काहीच नाही, बाप्पा."

मला हसू आलं. आणि हसता हसता मी सात वर्षांपूर्वीच्या थंडीत जाऊन पोचले. त्या थंडीआधी हे वाक्य आमच्या घरात उच्चारलंच जाऊ शकलं नसतं.

ती थंडी आठवली की आधी वास येतात. सोललेल्या मटाराचा हिरवा वास. दुधात तासन् तास आटणाऱ्या लाल गाजरांचा. वर्षभर पेटीत पडलेल्या रजायांना लागलेला डांबराच्या गोळ्यांचा, आणि हीटर पहिल्यांदा लावला की त्याच्या तारेवरची धूळ जळते तिचा. मयूर विहारमधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्याचा आणि आमचा काही संबंध नसतो. इथं ऊन हे भाजीसारखं खाली जाऊन आणावं लागतं. अकरा वाजले की सोसायटीतल्या बायका चटया, लोकर, मटाराची परात घेऊन पार्कात उतरतात आणि ऊन सरकेल तशा सरकत राहतात. आईही रोज अकराला उतरायच्या. "उन्हात जाऊन येते," म्हणायच्या. दीडला परतायच्या. मी ऑफिसात असायचे, सुट्टीच्या दिवशी त्या जायच्या नाहीत. मला वाटायचं, पार्कात बसत असतील.

माझं ऑफिस म्हणजे केंद्र सरकारचं. मी सेक्शन ऑफिसर, आणि माझ्या टेबलावर येते ती शिक्षणाची आंतरराष्ट्रीय फाइल. जगातल्या देशांनी एकत्र बसून ठरवलंय की प्रत्येक मुलाला शाळेत जाण्याआधीची दोन-तीन वर्षं चांगल्या खेळाची आणि शिकण्याची मिळावीत, आणि कुठल्याही वयाच्या माणसाला शिकायचं दार बंद होऊ नये. वाक्य साधं आहे. पण ते लिहायला किती लोक लागतात ते मी पाहिलंय. एकदा एका बैठकीत 'मिळावे' म्हणायचं की 'मिळेल असे पाहावे' म्हणायचं यावर अख्खी सकाळ गेली होती. मी मागच्या खुर्चीवर बसून चहाचे कप मोजत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवत होते. जेवायच्या सुट्टीत सहज लक्षात आलं की हे तीस-चाळीस देश एरवी मिठाच्या खड्यावरूनही भांडतील. आणि ते सकाळभर, सूट-बूट घालून, कुठल्यातरी शेंबड्या पोराच्या हक्काचं क्रियापद ठरवत बसलेत. त्या दिवशी मला त्या कंटाळवाण्या हॉलबद्दल जो आदर वाटला तो अजून गेलेला नाही.

तर त्या थंडीत अशीच एक बैठक दिल्लीत होती. पाहुण्यांना एखादी अंगणवाडी बघायची होती. आमचे साहेब म्हणाले, "आप तो मयूर विहार में रहती हैं ना? उधर ही कोई देख लीजिए." मी आमच्या रस्त्यापलीकडच्या वस्तीतली अंगणवाडी पाहून आले. एक खोली. निम्म्या उंचीपर्यंत हिरवा रंग, कोपऱ्यात डाळीचा मोठा डबा, भिंतीवर हिंदी मुळाक्षरांचे, कबुतर-सशांचे तक्ते. तिथली सेविका कमलेश, हरियाणाकडची, आवाज खणखणीत. मी गेले तेव्हा चार वाजून गेले होते, मुलं घरी गेलेली. कमलेशनं मला सगळं दाखवलं आणि जाता जाता म्हणाली, "हमारे यहाँ एक अम्मा भी आती हैं जी. बच्चों को बड़े प्यार से गाने सुनाती हैं." मी वहीत लिहून घेतलं, 'स्थानिक सहभाग, उत्तम'. कुठल्या अम्मा, हे विचारलं नाही. सरकारी माणूस चांगली गोष्ट ऐकली की लिहून घेतो आणि पुढे जातो.

पाहुणे आले त्या सकाळी धुकं आजच्यासारखंच होतं. दोन गाड्या रस्ता शोधत शोधत तास उशिरा पोचल्या. पाच पाहुणे, आमचे साहेब आणि दुभाषी म्हणून मी. साहेबांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण कमलेशचं बोलणं इंग्रजीत आणणं हे त्यांना खालच्या पायरीचं काम वाटत असावं. पाहुण्यांमध्ये केनियाच्या एक बाई होत्या. साठीच्या, धिप्पाड, डोक्याला पिवळं कापड बांधलेलं. त्यांनी आयुष्यभर लहान मुलांना शिकवलं होतं. बाकीचे दारातून फोटो काढत होते तोवर या बूट काढून सरळ सतरंजीवर जाऊन बसल्या. एक मुलगी लगेच त्यांच्या मांडीवर रेलली.

वीस-बावीस मुलं. टोप्या, मोजे, नाकं वाहणारी. कमलेश तक्त्यावर काठी ठेवून म्हणत होती, "क से?" आणि मुलं घर डोक्यावर घेत होती, "कबूतर!" मी पाहुण्यांना कानात सांगत होते. आणि सांगता सांगता माझी नजर शेवटच्या रांगेत गेली. मुलांच्या मागे, भिंतीला टेकून, माझा जुना मरून स्वेटर घालून, मांडीवर पाटी घेऊन आई बसल्या होत्या. त्यांचेही ओठ हलत होते. क से कबूतर.

मला आधी काही समजलंच नाही. वाटलं, यांना कुणी पाहुण्यांसाठी बोलावलंय. मग पाटीवर नजर गेली. पाटीवर त्यांच्या हातचे चार 'क' होते. पहिला वाकडा, दुसरा कमी वाकडा, चौथा सरळ.

केनियाच्या बाईंनीही पाहिलं होतं. त्यांनी मला विचारलं, "त्या आजी इथं शिकवतात का?" मी कमलेशला हिंदीत विचारलं. प्रश्न विचारताना माझा आवाज माझा मलाच परका वाटला. कमलेश अभिमानानं म्हणाली, "अरे नहीं जी, ये तो पढ़ने आती हैं! दो महीने हो गए. एक दिन छुट्टी नहीं की."

मुलं ओरडतच होती. साहेब माझ्याकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होत्या, अगदी सरळ. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. थोडी उत्सुकता होती, पोरं आपलं प्रगतिपुस्तक घरात दाखवतात तेव्हाची. आणि मी इंग्रजीत म्हणाले, "या इथं स्वयंसेवक म्हणून येतात. मुलांना गाणी शिकवतात."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान डोलावली. कमलेशला इंग्रजी थोडं कळत होतं. ती माझ्याकडे जरा चमकून बघत राहिली. आम्ही गाड्यांत बसलो.

दिवसभर हॉलमध्ये मी भाषणं ऐकली, कागद वाटले आणि एका गोष्टीची उजळणी करत राहिले. अकरा वर्षं मी या बाईंबरोबर एका घरात राहत होते. आमच्याकडे दर पौर्णिमेला ओळखीची चार-पाच कुटुंबं जमतात. नागपूर-वर्धा-नांदेडकडची, सगळी सरकारी नोकरीतली. बुद्धवंदना होते, प्रत्येकाच्या हातात वंदनेची छोटी पुस्तिका असते. आईंच्याही असायची. त्या डोळे पुस्तिकेवर ठेवून म्हणायच्या आणि योग्य ठिकाणी पान उलटायच्या. मी अकरा वर्षं शेजारी बसले आणि माझ्या कधी मनातही आलं नाही की त्यांना सगळं पाठ होतं, पान कधी उलटायचं हेसुद्धा पाठ होतं. ज्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, जिथे शिकणं हीच पूजा आहे, त्या घरात 'मला वाचता येत नाही' हे वाक्य उच्चारणं किती अवघड असेल! सासरे रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे. मला ती त्यांची हौस वाटायची. ते गेल्यावर पेपर टीपॉयवर घडी न मोडता पडून राहायचा आणि मी आईंना म्हणायचे, "तुम्ही वाचला की रद्दीत ठेवा हं." या वाक्यावर त्या मान हलवायच्या.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होत्या. अनिल, माझा नवरा, अजून आला नव्हता. आमची यशू तेव्हा नऊ वर्षांची, शेजारी बसून दाणे खात होती. मी कोट न काढताच दारात उभी राहिले. आईंनी मान वर केली नाही.

"तू तिले काय सांगतलं?"

"कुणाला?"

"त्या मोठ्या बाईले. कमलेश सांगत होती, मॅडमनं कुछ और ही बोल दिया."

मी सांगितलं. खरं तेच सांगितलं, कारण त्या वेळी खोटं बोलायला माझ्याजवळ जीवच नव्हता. "तुमची बेइज्जती होऊ नये म्हणून," असंही म्हणाले.

आईंनी हातातली शेंग परातीत टाकली. "काहून? मी चोरी करून राहिली होती का?"

मी कोटाची बटणं काढायला लागले.

"सारा जलम लपवलं मी. तुह्या सासऱ्यापासून नाही, त्याले माहीत होतं. बाकी साऱ्यायपासून लपवलं. लेकापासून, तुह्यापासून. बँकेत गेली तं चष्मा घरी राहिला म्हणावं. लग्नाची पत्रिका आली तं 'वाच गं जरा, डोळे दुखते' म्हणावं. थकली मी. त्या खोलीत गेली तं पहिल्याच दिवशी कमलेशले सांगून टाकलं, मुझे कुछ नहीं आता. तिनं काहीच केलं नाही, पाटी देल्ली. तेवढी एकच जागा होती माही जिथं लपवा लागत नव्हतं. तू तिथं येऊन लपवलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते आवरलंही नाही. यशू आमच्या दोघींकडे बघून म्हणाली, "मम्मा, मुझे तो पता था यार. आजीला मीच पेन्सिल देते ना." लहान मुलांना घरातलं सगळं ठाऊक असतं, आपण विचारत नाही एवढंच. अनिल आल्यावर त्याला सांगितलं. तो बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसला आणि म्हणाला, "चौथीत असताना कळलं होतं मला. प्रगतिपुस्तक बघायला दिलं, तर आई उलटं धरून बसली होती. मी सुलटं करून दिलं. नंतर कधी बोललो नाही." आमच्या चौघांच्या घरात एकच गुपित होतं आणि ते मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणि आजीवन शिक्षणाची फाइल कुणाच्या टेबलावर होती, तर माझ्या!

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी केनियाच्या बाईंना गाठलं. काल मी चुकीचं भाषांतर केलं, म्हणाले. त्या आजी शिकायला येतात. आणि त्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं मुलांना अक्षरं शिकवली. माझ्या आईला कधी विचारलं नाही." एवढंच बोलल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या की हे अहवालात यायला हवं. मात्र त्या आजींना विचारून. त्या हो म्हणाल्या तरच.

आता इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. वाचता येणं म्हणजे काय, याचा मी त्या थंडीआधी कधी विचार केला नव्हता. मला कधी येत नव्हतं ते आठवतच नाही. पण त्या डिसेंबर-जानेवारीत मी ते डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. एका काळ्या वेटोळ्याकडे माणूस बघतं, बघत राहतं, आणि अचानक त्यातून आवाज येतो. तीन वर्षांच्या पोराच्या तोंडून येतो तसाच सदुसष्ट वर्षांच्या बाईच्या तोंडूनही येतो, आणि दोघांच्या चेहऱ्यावर तोच भाव उमटतो. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही. एकदा आलं की ते थांबवताही येत नाही. आई रस्त्यानं चालेनाशा झाल्या, प्रत्येक पाटीपुढे उभ्या राहू लागल्या. 'प्रॉपर्टी डीलर'. 'यहाँ पेशाब करना मना है'. 'ताज़ा पनीर'. मेट्रोत बसलो की घोषणेतली बाई बोलण्याआधी त्या स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचायच्या आणि डब्यातली पोरं माना वळवून बघायची. मागच्या जानेवारीत इथल्या मराठी मंडळाच्या बसनं पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला गेलो. सगळे हार-फुलं सांभाळत होते, तर या आधीच पाटीपुढे उभ्या, बोट फिरवत. मागची रांग खोळंबली होती आणि कुणाची 'आजी, चला' म्हणायची हिंमत होत नव्हती.

आणि मी रोज ऑफिसात जे कागद पुढे ढकलते त्यांच्याकडे बघायची माझी नजर बदलली. कुठल्या दूरच्या शहरात, कुठल्या हॉलमध्ये, कुणीतरी क्रियापदावरून भांडलं होतं. ते वाक्य किती टेबलांवरून, किती सह्यांखालून, किती भाषांमधून घरंगळत आलं, आणि यमुनेकाठच्या एका वस्तीत हिरव्या भिंतीची एक खोली झालं. वाक्य लिहिणाऱ्यांनी लहान मुलं डोळ्यांपुढे ठेवली होती. शेवटच्या रांगेत जाऊन बसायला आईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या उन्हाला म्हणून निघाल्या होत्या, खिडकीतून आवाज ऐकला आणि आत गेल्या. त्यांनी मला नंतर एवढंच सांगितलं, "दार उघडं होतं." मी कित्येक वर्षं ज्या योजनेची टिपणं लिहीत होते तिचं सगळं काम या तीन शब्दांत होतं.

जानेवारी संपता संपता एका शनिवारी मी अहवालातल्या आमच्या भेटीच्या परिच्छेदाचा मसुदा घरी आणला. इंग्रजीबरोबर हिंदी प्रतही लागते, ती आणली. धुकं त्या दिवशी लवकर उठलं होतं. आम्ही दोघी पार्कात चटई टाकून, मटाराची परात घेऊन बसलो. मी म्हणाले, "आई, तुमच्याबद्दल लिहिलंय. तुम्ही हो म्हणालात तरच जाईल. वाचून दाखवू?"

"काहून? आण इकडं."

त्यांनी कागद उन्हात धरला. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. पलीकडच्या बायका संत्री सोलत होत्या, कुणाचा तरी रेडिओ चालू होता. आई वाचू लागल्या. "इस... केंद्र..." जोडाक्षराशी थांबल्या, परत मागे गेल्या, पुढे आल्या. "केंद्र में... एक... वृ..." इथे बराच वेळ गेला. मी मदत करायला तोंड उघडलं तर हातानं गप्प केलं. "वृद्ध. एक वृद्ध महिला भी... बच्चों के साथ... बैठकर... पढ़ना सीखती हैं." पूर्णविरामाच्या दंडापर्यंत बोट गेलं आणि थांबलं. या बाईंनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल लिहिलेलं काही वाचलं होतं. मला वाटलं, आता त्या रडतील. माझ्या डोळ्यांत तर पाणी आलंच होतं.

त्यांनी भुवया आवळल्या. "हे कोण?"

"तुम्हीच की, आई."

"मग 'एक महिला' काहून लिहिलं?"

"नाव नको, म्हटलं... सगळीकडे जाणार हे. उगीच तुम्हाला..."

"कमलेशचं नाव हाय का यात?"

"आहे."

"अन् त्या पाहुण्याइचे?"

"आहेत, सगळ्यांची."

मी पुन्हा तेच केलं होतं. या वेळी हिंदीत, टाइप करून, सरकारी कागदावर. मी पर्समधून पेन काढलं आणि कागद घ्यायला हात पुढे केला. आईंनी कागद दिला नाही, पेन तेवढं घेतलं.

मटार चटईवर ओतून, मांडीवर परात उपडी ठेवून त्यावर त्यांनी कागद पसरला. 'एक वृद्ध महिला' या तीन शब्दांवर एक रेघ मारली, नीट, सावकाश, वाकडी न होऊ देता. वर जागा थोडीच होती. तिथं लिहायला लागल्या. 'प' झाला. अनुस्वार दिला. 'च' झाला. 'फ' लिहिताना पेन अडलं, झटकून परत लिहिला. ऊन आमच्यावरून सरकून पलीकडे गेलं होतं आणि दोघीही तिथून उठलो नाही. अक्षरं खालच्या टाइपावर चढली होती, एकमेकांना खेटून उभी होती. पंचफुला.

सोमवारी मी तो कागद तसाच फाइलला लावला. साहेबांनी पान उलटलं आणि खोडलेल्या जागी बोट ठेवलं. "ड्राफ्ट में ये किसने काट दिया?"

"सर, जिनके बारे में लिखा था, उन्होंने."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते वाक्य त्यांनी नव्या नावासकट पुन्हा एकदा हलक्या आवाजात वाचलं. मग नोट टाइपला परत न पाठवता खाली सही केली आणि फाइल तशीच वर पाठवली.